हसण्यासारखी खेळी

बुद्धिबळात पांढरी मोहरी घेऊन बसणाऱ्याला पहिल्या खेळीसाठी वीस वाटा मोकळ्या असतात. आठही प्यादी एक घर किंवा दोन घरं जाऊ शकतात, त्या सोळा. दोन घोड्यांच्या दोन-दोन उड्या, त्या चार. काळ्यालाही तेवढ्याच. म्हणजे दोघांनी एकेकदा हात हलवला की पटावर चारशे वेगवेगळ्या मांडण्या होऊ शकतात. एवढं स्वातंत्र्य हाती आल्यावर माणूस काय करतो? राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवतो. फारच स्वतंत्र बाण्याचा असला तर वजिरापुढचं सरकवतो. उरलेल्यांपैकी दोन-तीन वाटांवर थोडीफार वर्दळ असते. बाकीच्यांवर गवत माजलेलं.

हे पाहिलं की मला जुन्या पत्रांतला मायना आठवतो. वडिलांना ‘तीर्थरूप’, काकांना ‘तीर्थस्वरूप’, धाकट्याला ‘चिरंजीव’, आणि त्यापाठोपाठ साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. खाली मजकूर एवढाच, की पैसे संपले, ताबडतोब पाठवावेत. पण पैसे कितीही संपलेले असोत, मायना चुकवायचा नाही. शाळेत पत्रलेखनाच्या प्रश्नात मायन्याचे गुण वेगळे असत, आणि मजकूर अजिबात सुचला नाही तरी तेवढे पदरात पडत. बुद्धिबळातल्या प्रारंभाचं, म्हणजे आता लहानथोर ज्याला ‘ओपनिंग’ म्हणतात त्याचं, असंच आहे. पहिल्या दहा-बारा खेळ्या आपल्या नसतातच. त्या कुणीतरी, कुठेतरी, कधीतरी विचार करून ठेवलेल्या असतात. आपण त्या फक्त सुवाच्य अक्षरात लिहून काढतो. यात एक मोठं सुख आहे. पहिल्या दहा खेळ्यांपुरता मी आणि मॅग्नस कार्लसन एकाच दर्जाचे खेळाडू असतो. अकराव्या खेळीला तो पुढे जातो आणि मी माझ्या मूळ गावी परततो.

जगज्जेत्याला पत्र लिहायचं आणि मायनाच घालायचा नाही, असं एका माणसाने एकदा केलं होतं. १९८० च्या जानेवारीत, स्वीडनमधल्या स्कारा नावाच्या लहानशा गावात युरोपातल्या देशांच्या संघांची स्पर्धा भरली होती. गाव जुनं, मध्ययुगातल्या चर्चमुळे ओळखलं जाणारं. अशा गावांत मोठ्याने हसण्याचे प्रसंग कमी. सोव्हिएत संघाच्या पहिल्या पटावर जगज्जेता अनातोली कार्पॉव्ह बसला होता. त्याच संघात सोळा वर्षांचा एक मुलगाही होता, त्याचं नाव गॅरी कास्पारॉव्ह. नुसती संघाची यादी वाचूनच समोरच्यांनी बरोबरीचा प्रस्ताव मांडावा, असा तो संघ. इंग्लंडच्या पहिल्या पटावर होता टोनी माइल्स. बर्मिंगहॅमचा. ब्रिटनमध्ये जन्मून, पटावर समोरासमोर खेळून ग्रँडमास्टर झालेला पहिला माणूस. ही गोष्ट १९७६ ची. वय पंचविशीच्या आत, अंगाने दणकट, आणि स्वभावाने कुणाचं ऐकून घेण्यातला नव्हे.

कार्पॉव्हने राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. इथवर सगळं रीतीला धरून होतं. माइल्सने उत्तरादाखल वजिराच्या बाजूच्या हत्तीपुढचं, म्हणजे अगदी कडेचं प्यादं उचललं आणि एक घर पुढे ठेवलं.

एकच घर. तेही कडेला. बुद्धिबळाच्या कुठल्याही क्लासात पहिल्या दिवशी सांगतात की आधी मधली घरं ताब्यात घ्या, मग घोडे आणि उंट बाहेर काढा, राजाला किल्लेकोट करून सुरक्षित ठेवा. माइल्सच्या खेळीने यातलं काहीही होत नव्हतं. मध्य तसाच ओस, घोडे तबेल्यात, उंट बांधलेले. कडेला एक प्यादं घोटभर पाणी प्यायला उठावं तसं एक पाऊल पुढे आलेलं.

सभागृहात हशा पिकला. माइल्सने नंतर सांगितलं, की प्रेक्षकांच्या त्या हसण्याने त्याला अवघडल्यासारखं झालं होतं.

मला या हशाचं फार कुतूहल आहे. ज्याला बुद्धिबळ येत नाही तो त्या खेळीला हसला नसता. त्याच्या दृष्टीने प्यादं पुढे सरकलं, प्यादी सरकतातच. नुकता शिकलेलाही हसला नसता, कारण तो स्वतः असंच काहीतरी खेळत असतो. हसायला अभ्यास लागतो. स्कारात जे हसले ते जाणकार होते. मधल्या घरांचं महत्त्व त्यांनी पुस्तकांतून वाचलेलं, त्यासाठी मार खाल्लेला, त्यासाठी इतरांना मार दिलेला. त्यांच्या हसण्यात वीसेक वर्षांचं वाचन होतं. एखाद्या गोष्टीला हसण्याइतके आपण शहाणे झालो, की तिच्याकडे बघायचं थांबवतो, हा शहाणपणाचा एक तोटा आहे. कार्पॉव्ह हसल्याची नोंद नाही. ज्याला पुढची खेळी करायची असते त्याला सहसा हसू येत नाही.

आणि गंमत अशी, की कडेचं ते प्यादं एक घर सरकवणं ही बुद्धिबळातल्या सगळ्यात प्रतिष्ठित खेळ्यांपैकी एक आहे. फक्त ती पहिल्या खेळीला करायची नाही. स्पॅनिश प्रारंभ घ्या. रुय लोपेझ हा सोळाव्या शतकातला स्पेनमधला धर्मगुरू. त्याने १५६१ साली बुद्धिबळावर ग्रंथ लिहिला आणि या प्रारंभाला त्याचं नाव कायमचं चिकटलं. त्यात पांढरा तिसऱ्या खेळीला उंट थेट काळ्याच्या अंगणात आणून बसवतो. काळा तिसऱ्या खेळीला काय करतो? कडेचं तेच प्यादं एक घर सरकवतो. उंटाला विचारतो, राहणार की जाणार? ही खेळी पॉल मॉर्फीच्या नावाने ओळखली जाते आणि ती पाहून आजवर कुणी हसलेलं नाही. सिसिलियन बचावातला नाजडॉर्फ प्रकार घ्या. बॉबी फिशर तो खेळला, कास्पारॉव्ह खेळला. त्याची ओळखच पाचव्या खेळीला सरकणारं हेच प्यादं, हेच घर. तिसऱ्या खेळीला आदर, पाचव्या खेळीला कीर्ती, पहिल्या खेळीला हशा. प्यादं बिचारं तेच.

रुय लोपेझबद्दल सांगायलाच हवं, की या सत्पुरुषाने आपल्या ग्रंथात खेळाडूंना एक सल्लाही दिला आहे: पट अशा ठिकाणी मांडावा की उजेड समोरच्याच्या डोळ्यांवर येईल. एका धर्मगुरूने दिलेला हा सल्ला. त्या मानाने कडेचं प्यादं सरकवणं फारच सात्त्विक म्हणायचं. बाकी प्रारंभांच्या नावांची यादी म्हणजे एक अजब धर्मशाळा आहे. तिथे देश आहेत, शहरं आहेत, आणि जहाजावर शांत समुद्रात वेळ घालवताना घोड्यापुढच्या प्याद्याचा बळी द्यायची कल्पना सुचलेला विल्यम एव्हान्स नावाचा वेल्श कप्तान आहे. एक ओरांगउटानही आहे. १९२४ साली न्यूयॉर्कच्या स्पर्धेत सुट्टीच्या दिवशी खेळाडू प्राणिसंग्रहालय पाहायला गेले. तिथल्या एका ओरांगउटानाने साव्हिएली टार्टाकोवरवर असा प्रभाव टाकला, की त्याने पुढच्या डावात वजिराच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं दोन घरं सरकवून सुरुवात केली आणि त्या प्रारंभाला त्या प्राण्याचं नाव दिलं. बुद्धिबळाच्या इतिहासात नाव राहावं म्हणून माणसं आयुष्य घालवतात. त्या ओरांगउटानाने पिंजऱ्यात बसून ते साधलं.

तर स्कारातला डाव. माइल्सने दुसऱ्या खेळीला शेजारचं प्यादं दोन घरं सरकवलं, तिसऱ्याला त्या मोकळ्या झालेल्या घरात उंट आणून ठेवला, आणि तो उंट लांबच्या तिरक्या रेषेवरून कार्पॉव्हच्या मधल्या प्याद्याकडे बघत बसला. कार्पॉव्हने मध्ये दोन प्यादी शेजारी-शेजारी उभी केली, मोहरी व्यवस्थित बाहेर काढली, किल्लेकोट केला. पुस्तकात लिहिलेलं सगळं केलं. पांढऱ्याची बाजू दिसायला देखणी होती. पण समोर मारायला काही सापडत नव्हतं. काळ्याने मध्यात काही ठेवलंच नव्हतं, तर मध्यात हल्ला कशावर करायचा?

माइल्सने राजा किल्लेकोटात नेला तसा कार्पॉव्हने तिकडे मोर्चा वळवला. घोडा पुढे आला. उंटाने शह दिला. माइल्सचा राजा कोपऱ्यात सरकला. उंट गेल्या पावली परत आला आणि थेट आपल्या घरातल्या पहिल्या रांगेत जाऊन उभा राहिला. एवढ्या लांबून जाऊन बेल वाजवली आणि दार उघडायच्या आत माघारी फिरला. तेवढ्यात माइल्सचा वजीर कार्पॉव्हच्या घरात शिरला. चोविसाव्या खेळीला एक प्यादं, पंचविसाव्याला दुसरं. कार्पॉव्हने एक परत मिळवलं, पण एक गेलं ते गेलंच. अठ्ठाविसाव्या खेळीला वजीर एकमेकांना मारून पटाबाहेर गेले.

कार्पॉव्ह हा शेवटच्या टप्प्यातला जगातला सर्वांत चिवट माणूस. एखाद्या प्याद्याचा तोटा असा लोंबकळत ठेवायचा, की समोरचा दमून बरोबरी मागेल, ही त्याची ख्याती. माइल्स दमला नाही. त्याच्या दोन उंटांपुढे पांढऱ्याचा घोडा आणि उंट पायरीपायरीने मागे हटत गेले. शेहेचाळिसाव्या खेळीनंतर कार्पॉव्हने डाव सोडला. तेव्हा सभागृहात कुणी हसलं असेल तर ते वेगळ्या कारणाने.

माइल्सला ही खेळी रात्री स्वप्नात दिसली नव्हती. त्याचा देशबंधू मायकेल बॅसमन असले गवताळ रस्ते हौसेने तुडवत असे. त्याच्याही आधी, १८६८ साली लंडनमध्ये बेकर नावाच्या हौशी खेळाडूने याच प्याद्याने सुरुवात करून विल्हेल्म स्टाइनिट्झला हरवलं होतं. स्टाइनिट्झ तेव्हा एकाच वेळी अनेकांशी खेळत होता, आणि अधिकृत जगज्जेता व्हायला त्याला अजून अठरा वर्षं होती. पण माइल्सचा हिशेब साधा होता. कार्पॉव्हच्या मागे सोव्हिएत प्रशिक्षकांची फौज. एखादा नावाजलेला बचाव घेतला असता तर पहिल्या पंधरा खेळ्या त्या फौजेशी लढाव्या लागल्या असत्या, आणि सोळाव्या खेळीला ताजातवाना कार्पॉव्ह समोर आला असता. कडेच्या प्याद्याने फौज बाहेरच राहिली. दोघंच आत आले. मग दोन माणसांनी पहिल्या खेळीपासून स्वतःच्या डोक्याने विचार केला, आणि त्या दिवशी माइल्सचा विचार सरस ठरला.

या माणसाला हसण्याची एकूण पर्वाच नसावी. पुढे १९८५ साली नेदरलँड्समधल्या टिलबर्गच्या स्पर्धेत त्याची पाठ इतकी दुखत होती की खुर्चीत बसवेना. तो पटासमोर टेबलावर पालथा पडून खेळला. प्रतिस्पर्धी खुर्चीत सरळ, आणि समोर ग्रँडमास्टर आडवा. काहींनी तक्रार केली, की अशाने एकाग्रता होत नाही. स्पर्धा संपली तेव्हा माइल्स ह्यूबनर आणि कोर्चनॉय यांच्या बरोबरीने पहिला होता. उभं राहून हरणाऱ्यांना आडवं पडून जिंकणाऱ्याचा राग येणारच.

आता यात सगळ्यात मजेदार काय झालं असेल? दोन वर्षांत, १९८२ साली, बॅसमनने या प्रारंभावर पुस्तक लिहिलं. प्रारंभाला सेंट जॉर्ज असं भारदस्त नाव मिळालं. कुठल्या खेळीला काय उत्तर द्यायचं याची कोष्टकं तयार झाली. पुस्तकाबाहेर जाण्याचं पुस्तक निघालं! आता एखादा पोरगा कडेचं प्यादं सरकवून म्हणू शकतो, की मी थिअरीप्रमाणे चाललोय. बंडखोराचा पुतळा उभारायला माणसांना वेळ लागत नाही, आणि पुतळ्याखाली शाळेच्या सहली आणायला त्याहूनही कमी.

शाळा म्हटलं की शेजारचा मुलगा आठवतो. इयत्ता सहावी. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ च्या जुलैत जॉर्जियातल्या बातुमी शहरात महिलांचा विश्वचषक जिंकला, अंतिम फेरीत कोनेरू हंपीला हरवलं, आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टरही झाली. त्या आठवड्यात याच्या आईने याचं नाव बुद्धिबळाच्या क्लासात घातलं. तेव्हापासून तो अधूनमधून पट काखेत मारून माझ्याकडे येतो. ‘काका, एक डाव?’ असं विचारतो आणि उत्तराची वाट न बघता मोहरी मांडायला लागतो. नाजडॉर्फ तो घडाघडा खेळतो. पाचव्या खेळीला कडेचं प्यादं एक घर.

मी विचारलं, ‘हे का सरकवलंस रे?’

‘सरांनी सांगितलंय.’

‘पण का?’

‘नाजडॉर्फ आहे ना काका!’ माझ्या अज्ञानाची त्याला दया आली.

सहाव्या खेळीला मी असंच काहीतरी साधंसुधं खेळलो. त्याचा हात हवेतच थांबला. त्याने पटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि अत्यंत दुखावलेल्या आवाजात म्हणाला, ‘काका, हे नाहीये!’

‘काय नाहीये?’

‘हे नाहीये त्यात. तुम्ही उंट काढायला पाहिजे. नाहीतर मग मी काय करू?’

हा प्रश्न साधा नाही. ‘नाहीतर मग मी काय करू’ या जागी खरं म्हणजे बुद्धिबळ सुरू होतं. पण त्या वयाला वाटतं की तिथे ते बिघडलं. आणि त्या वयालाच कशाला, मोठ्यांच्या स्पर्धांतही वीस-पंचवीस खेळ्यांपर्यंत घरून पाठ करून आणलेलं खेळतात. समोरच्याने एक अनपेक्षित प्यादं सरकवलं, की माणूस पहिल्यांदा घड्याळाकडे बघतो आणि मग छताकडे. आता तर घरच्या तयारीला संगणक आहे. संगणक उत्तर सांगतो, कारण सांगत नाही. तो सरांपेक्षाही कडक.

बॉबी फिशरला या पाठांतराचा इतका उबग आला, की १९९६ साली त्याने मागच्या रांगेतली मोहरीच दर वेळी सोडत काढून मांडायची पद्धत जाहीर केली. ९६० प्रकारच्या मांडण्या. करा पाठ! पण हा उपाय त्या माणसाने सांगितला, ज्याला जुन्या मांडणीतली प्रत्येक वाट तोंडपाठ होती. उपवासाचं महत्त्व जेवून उठलेल्याने सांगावं, तसा थोडा तो प्रकार.

आपल्याकडच्या जुन्या देशी बुद्धिबळात हा पाठांतराचा रोग फारसा पसरला नाही. सर्वसाधारणपणे तिथे प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालतं, आणि राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी मारायची सवलत असते. फौजा एकमेकींना भिडायलाच वेळ लागायचा, त्यामुळे आठव्या खेळीला कुणी कुणाला फसवलं असं व्हायचं नाही. या खेळात वाढलेला पंजाबचा मीर सुलतान खान आपल्या मालकासोबत, सर उमर हयात खान यांच्यासोबत, १९२९ साली लंडनला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटनचं अजिंक्यपद जिंकून बसला. पुढे १९३२ आणि १९३३ सालीही जिंकलं. युरोपीय प्रारंभांचं त्याचं वाचन जेमतेम. पहिल्या दहा खेळ्यांत तो अनेकदा अडचणीत यायचा, आणि मग पुढच्या चाळीस खेळ्यांत समोरच्याला अडचणीत आणायचा. १९३०-३१ च्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्याने माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं. त्याच्यासमोर कुणी कडेचं प्यादं एक घर सरकवलं असतं तर त्याला हसू आलंच नसतं. त्याच्या बालपणी प्यादी एवढीच चालायची. २०२४ साली जागतिक संघटनेने त्याला मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर केलं. मायना न येणाऱ्याचं पत्र पोचायला एवढा वेळ लागायचाच.

यावरून पाठांतर वाईट आणि अडाणीपण थोर असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो आवरावा, कारण माइल्सच्याच आयुष्यात याची दुसरी बाजू आहे आणि ती आपल्या ओळखीच्या माणसापर्यंत येऊन पोचते.

१९८७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या स्पर्धेत माइल्स आणि अमेरिकेचा लॅरी क्रिस्टियनसेन समोरासमोर आले. दोघांना बरोबरी पुरेशी होती, आणि ती आधीच ठरली होती असं सांगतात. दोघांनी रशियन बचाव घेतला. पाचव्या खेळीला क्रिस्टियनसेनने आपल्या पुढे गेलेल्या घोड्याला आधार म्हणून उंट बाहेर आणला. ती घोडचूक होती. पांढऱ्याने वजीर राजासमोरच्या घरात आणला की तो घोडा जागीच खिळतो, कारण तो हलला तर मागच्या राजावर सरळ शह बसतो. मग पुढच्या खेळीला प्याद्याने त्या घोड्यावर हल्ला करायचा. एवढं सोपं. पण माइल्सने वजीर हलवला नाही. त्याने सभ्य गृहस्थासारखी मारामारी केली, मोहरी बदलली, आणि विसाव्या खेळीला दोघं हात मिळवून मोकळे झाले. डाव जगभर वाचल्या जाणाऱ्या डावांच्या संग्रहात छापून आला. खाली नाव दोन ग्रँडमास्टरांचं, निकाल बरोबरी. ती पाचवी खेळी बघून कुणी हसलं नाही. छापलेल्या खेळीला हसायची आपल्याकडे पद्धत नाही.

पुढच्या वर्षी स्वित्झर्लंडमधल्या बील शहरात अठरा वर्षांचा विश्वनाथन आनंद कोलंबियाच्या अलोन्सो सपाताशी काळ्या मोहऱ्यांनी खेळत होता. तोच रशियन बचाव. पाचव्या खेळीला आनंदने तोच उंट बाहेर आणला. दोन ग्रँडमास्टरांनी खेळलेली खेळी, छापील, तपासलेली. सपाताने सहाव्या खेळीला वजीर राजासमोर आणला. आनंदने डाव सोडला. सहा खेळ्या! भारताचा पहिला ग्रँडमास्टर, पुढे पाच वेळा जगज्जेता होणारा माणूस, चहाचा कप थंड व्हायच्या आत उठला.

म्हणजे एकाच माणसाच्या डावांतून दोन खेळ्या जगापुढे आल्या. एकीला सगळे हसले, आणि तिच्यापुढे जगज्जेता हरला. दुसरीला सगळ्यांनी मान डोलावली, आणि तिच्यामुळे भावी जगज्जेता हरला. पहिल्या वेळी माइल्सने आपल्या खेळीमागे सेहेचाळीस खेळ्या उभं राहायची तयारी ठेवली होती. दुसऱ्या वेळी कुणीच कशामागे उभं नव्हतं. दोघांना फक्त संध्याकाळ मोकळी हवी होती. पण छापखान्याला हा फरक कळत नाही. तो दोन्ही खेळ्या एकाच टायपात छापतो. उसनी खेळी घ्यायला काहीच हरकत नाही, सगळे घेतात, आनंदनेही पुढे आयुष्यभर घेतल्या आणि दिल्या. फक्त खेळी उसनी मिळते तेव्हा ती कुठल्या मनःस्थितीत खेळली गेली होती हे सोबत मिळत नाही. ते आपल्यालाच पटासमोर बसून शोधावं लागतं, आणि शक्यतो सहाव्या खेळीच्या आत.

हसण्याचं चक्रही पुढे फिरलं. २०२१ च्या मार्चमध्ये कार्लसनच्याच नावाच्या ऑनलाइन स्पर्धेत कार्लसन आणि हिकारू नाकामुरा यांचा डाव होता. दोघं आधीच पुढच्या फेरीत गेलेले. दोघांनी राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. दुसऱ्या खेळीला जगज्जेत्याने राजा उचलून एक घर पुढे ठेवला. नाकामुरानेही ठेवला. जे राजे लपवायचे असतात ते फिरायला निघाल्यासारखे पुढे आले. मग मागे गेले, पुन्हा पुढे आले, आणि सहा खेळ्यांत बरोबरी झाली. दोघं खेळाडू पोट धरून हसत होते. स्कारात प्रेक्षक हसले आणि खेळाडू अवघडला. इथे खेळाडू हसले आणि काही गंभीर प्रेक्षक अवघडले, की हा खेळाचा अपमान तर नाही? ते उत्तर शोधत राहिले. त्या दिवसापासून क्लासांतली पोरं दुसऱ्या खेळीला राजा पुढे काढायला लागली असतील, आणि सरांना नवीन डोकेदुखी. त्या पोरांचं बरोबर आहे. जगज्जेता खेळला म्हणजे ते पुस्तकातलंच झालं.

शेजारच्या मुलाला मी स्कारातला डाव सांगितला. त्याने फोनवर तो शोधून काढला, खेळ्या भराभर पुढे ढकलत शेवटपर्यंत गेला, परत पहिल्या खेळीला आला आणि तिथेच थांबून राहिला. मग विचारलं, ‘काका, मी पुढच्या रविवारी स्पर्धेत हेच खेळलो तर चालेल?’

‘सर काय म्हणतील?’

‘ओरडतील.’

‘मग का खेळायचं?’

त्याने जरा वेळ घेतला. नाजडॉर्फच्या वेळी एवढा वेळ त्याने कधी घेतला नव्हता. ‘कारण समोरच्याला पण ते पाठ नसणार,’ तो म्हणाला. ‘मग तो पण माझ्यासारखाच.’

स्कारातल्या माइल्सकडे याहून चांगलं कारण होतं असं मला वाटत नाही. मी म्हटलं, ‘खेळ. पण हरलास तर माझं नाव सांगू नकोस.’

‘आधी तुमच्याशी खेळून बघतो,’ तो म्हणाला, आणि काळी मोहरी स्वतःच्या बाजूला ओढून घेतली. मी माझी खेळी केली. त्याने कडेचं प्यादं उचललं, एक घर पुढे ठेवलं, हाताची घडी घातली आणि खुर्चीत मागे रेलला.

‘हं काका,’ तो म्हणाला, ‘आता तुम्ही करा विचार.’